वळिवड्याचे कागद वाचायला एक भाषा पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षण पुरवणीत परदेशी भाषांच्या शिक्षणावर आलेला लेख वाचला. जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश या सगळ्यांना ऐसपैस जागा आणि शेवटी ‘रशियन व इतर स्लाव्ह भाषा’ या मथळ्याखाली चार ओळी. त्यातही सल्ला एवढाच, की रशियन आली तर औषध कंपन्यांत आणि पर्यटनात काम मिळतं. काम मिळतं हे खरंच आहे. माझी तक्रार त्या ‘व इतर’बद्दल आहे. त्या ‘इतर’मध्ये पोलिश, चेक, स्लोव्हाक, युक्रेनियन, बेलारूसी, स्लोव्हेनियन, क्रोएशियन, सर्बियन, बोस्नियन, मॅसेडोनियन, बल्गेरियन अशी भलीमोठी पंगत बसलेली आहे. माझं एम. ए. या ‘इतर’मधलंच. पोलंडमधल्या क्राकूवच्या यागिएलोन्स्की विद्यापीठातून मी स्लाव्ह भाषा, साहित्य आणि संस्कृती या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. आता कोल्हापुरात राहून अनुवादाची कामं करते. या शिक्षणाचा उपयोग काय, असं मला लग्नकार्यात हमखास विचारतात. त्याचं उत्तर कोल्हापूरपासून अगदी जवळच, वळिवड्यात आहे.

वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी कोल्हापूरकरांना ऐकून माहीत असते. सोव्हिएत सत्तेने १९४० आणि ४१मध्ये पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सायबेरिया, कझाकस्तान, अर्खांगेल्स्क अशा भागांत नेऊन टाकली. ३० जुलै १९४१ रोजी पोलंड आणि सोव्हिएत सरकारांमध्ये सिकोर्स्की-मायस्की करार झाला आणि त्यांची सुटका सुरू झाली. त्यातले बरेच जण जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर १९४२मध्ये इराणात उतरले. तिथून काही मुलं जामनगरजवळच्या बालाचडीला आली आणि १९४३पासून सुमारे पाच हजार माणसं वळिवड्याला आली, बहुतेक बाया आणि पोरं. १९४८पर्यंत ती इथे होती. शाळा, चर्च, दवाखाना, बालवीर पथकं, सगळं त्यांनी इथे उभं केलं. पुढे त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित राहायला आले आणि आजचं गांधीनगर वसलं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा आपल्याकडच्या सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवलं होतं.

स्मारकं झाली, फुलं वाहून झाली. कागद वाचायचं मात्र तसंच राहिलं आहे.

एका कुटुंबाचे म्हणून जे कागद असतात, त्यांत काय काय निघतं ते सांगते. पहिला कागद सोव्हिएत सुटकेचा दाखला. तो रशियन भाषेत आणि सिरिलिक लिपीत, आणि वरची पोलिश नावं रशियन कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. दुसरा छावणीतला ओळखीचा कागद, तो इंग्रजीत. मग नातेवाइकांची पत्रं, ती पोलिशमध्ये. पण लिहिणारी बाई तार्नोपोलकडची असेल तर तिच्या पोलिशमध्ये निम्मे शब्द युक्रेनियन, आणि नोवोग्रुदेककडची असेल तर बेलारूसी. शिवाय गावांची नावं. जे त्यांचं ल्वूव ते आजचं ल्विव, जे विल्नो ते व्हिल्नियस. पोलिशचा नुसता प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला माणूस या गठ्ठ्यापुढे पहिल्याच कागदाला अडतो. नुसतं रशियन शिकलेला तिसऱ्याला. हे काम स्लाव्हिस्टचं आहे. एक भाषा मुळापासून, दुसरी वाचण्यापुरती, तिसरी ओळखण्यापुरती आणि या सगळ्यांचा इतिहास, असं शिक्षण घेतलेल्या माणसाला स्लाव्हिस्ट म्हणतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमात दोन वर्षं आणि १२० क्रेडिट यासाठीच असतात.

एक साधी गोष्ट. त्या काळच्या पोलिश कागदांत बापाचं आडनाव नोवाक असेल, तर बायकोचं नोवाकोवा आणि लग्न न झालेल्या मुलीचं नोवाकुवना. यादीवरून कुटुंबं मोजायला बसलेला आपल्याकडचा संशोधक एका घराची तीन घरं करील. आणि तीच मुलगी यादीत स्तानिस्वावा, मैत्रिणीच्या पत्रात स्ताशा. हे शब्दकोशात सापडत नाही. ते कुणीतरी शिकवावं लागतं, किंवा पाच-पन्नास जुनी पत्रं वाचून अंगवळणी पडावं लागतं.

मागे वळिवड्याकडचे एक आजोबा एक फोटो घेऊन माझ्याकडे आले. त्यांचे वडील छावणीत दूध घालायचे. जाताना एका पोलिश बाईने तो फोटो त्यांना दिला होता. पांढऱ्या फ्रॉकातल्या मुलींची रांग, पुढे निशाण, मागे कौलारू बराक. पाठीवर पेन्सिलीने ‘३’, मग रोमन व्ही आणि शेवटी ‘४५’. आजोबा म्हणाले, “ताई, ह्यो व्ही म्हंजे वळिवडं असणार बघा.” त्यांचा तर्क काही वाईट नव्हता. पण पोलिश माणूस तारखेतला महिना रोमन आकड्यात लिहितो. म्हणजे ३ मे १९४५. आणि ३ मे हा पोलंडचा संविधान दिन, १७९१च्या राज्यघटनेचा. तेवढं कळलं की पांढरे फ्रॉकही कळतात, निशाणही कळतं. त्यानंतर पाचच दिवसांनी युरोपातलं युद्ध थांबलं आणि या मुलींची गावं सोव्हिएत हद्दीतच राहिली, हेही मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे घरी जायाचं न्हाईच म्हणा की.”

आता अभ्यासक्रमाबद्दल. मराठी मुलाला हा विषय वाटतो तितका परका नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. पहिल्याच सत्रात जुनी चर्च-स्लाव्हॉनिक भाषा आली. सिरिल आणि मेथोडियस हे दोघे धर्मप्रसारक बंधू ८६३मध्ये मोराव्हियाला गेले, तेव्हा ज्या भाषेत त्यांनी धर्मग्रंथ उतरवले ती. वर्गातल्या पोलिश मुलांना तिचं द्विवचन रुचत नव्हतं. मला ‘देवः, देवौ, देवाः’ शाळेतच घोकावं लागलेलं, त्यामुळे मी निवांत. त्या भाषेत विभक्ती सात. आपल्याकडून गेलेला माणूस लगेच विचारतो, आठवी कुठे गेली? तर आपली पंचमी तिथे षष्ठीत विलीन झाली. आणि गंमत म्हणजे ‘अ’कारान्तासारख्या नामांमध्ये जे रूप षष्ठीचं म्हणून टिकलं, ते मुळात पंचमीचं आहे. सासर-माहेर एक झालं आणि घराला नाव माहेरचं लागलं! द्विवचन आजही स्लोव्हेनियन आणि जर्मनीतल्या सोर्बियन (सर्बियन नव्हे) भाषांत जिवंत आहे. आपण मात्र ते प्राकृतातच सोडून आलो.

दुसरं उदाहरण स्वर गळण्याचं. पोलिशमध्ये कुत्रा म्हणजे ‘पिएस’, पण ‘कुत्र्याचा’ म्हणताना होतं ‘प्सा’. मधला स्वर गेला कुठे? अँतोनिन हाव्लिक या चेक अभ्यासकाने १८८९मध्ये याचा नियम मांडला. जुन्या भाषेत दोन अतिऱ्हस्व स्वर होते. शब्दाच्या शेवटाकडून ते मोजत यायचे. विषम जागेवरचा गळतो, सम जागेवरचा टिकतो. ही कसरत आमच्याकडून फळ्यावर पुन्हापुन्हा करून घेतली जायची. मला ती चटकन जमायची, कारण ‘कापूस’चं ‘कापसाला’ आणि ‘लाकूड’चं ‘लाकडाला’ होताना मधल्या ऊचं काय होतं ते आपल्या जिभेला ठाऊक असतं. कारणं वेगळी, इतिहास वेगळा, पण मुलामा न लागलेलं जुनं नाणं ओळखायला लागते ती नजर मराठीने आधीच दिलेली असते. क्रियापदांची पूर्ण-अपूर्ण रूपं ही या भाषांमधली खरी डोकेदुखी. तिथेही ‘लिहीत होतो’ आणि ‘लिहून टाकलं’ यांतला फरक जगणाऱ्याला इंग्रजीवाल्यापेक्षा कमी त्रास होतो. कमी म्हणाले, होत नाही असं नाही.

भाषा आणि राजकारण यांचा तास मात्र मी सहसा गप्प बसून ऐकायची. सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, मॉन्टेनेग्रिन या चार भाषा की एकच? १८५०मध्ये व्हिएन्नात काही सर्ब आणि क्रोएट विद्वानांनी एका साहित्यभाषेसाठी करार केला. १९५४मध्ये नोव्ही सादला पुन्हा तेच. १९९१पासून युगोस्लाव्हिया फुटत गेला तशा भाषाही घटनेत वेगळ्या झाल्या. मॉन्टेनेग्रोने तर २००९च्या शुद्धलेखनात वर्णमालेत दोन नवी अक्षरं घातली. वर्गात एक बाजू म्हणायची, एकमेकांचं सगळं समजतं तर वेगळ्या भाषा कशा? दुसरी म्हणायची, भाषा कोणती हे बोलणाऱ्याने ठरवायचं. माझं आजोळ पेडण्याचं. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावरून गोव्यात काय काय झालं, आणि १९८७चा राजभाषा कायदा झाल्यावरही घराघरांत काय बोललं जात होतं, ते मी लहानपणी जेवणाच्या पाटावर ऐकलेलं. तिथल्या प्राध्यापकांना हे कळल्यावर त्यांनी मला त्यावर बोलायला उभं केलं आणि तो तास संपता संपेना. सांगायचा मुद्दा असा, की आपल्याकडून जाणारा विद्यार्थी तिथे फक्त घ्यायला जात नाही.

या विषयाला नुसता छंद समजणाऱ्यांसाठी एक तारीख. ६ नोव्हेंबर १९३९. जर्मनांनी क्राकूवच्या याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने कोलेगियम नोव्हम या विद्यापीठाच्याच इमारतीत बोलावलं आणि १८३ जणांना अटक करून छळछावणीकडे पाठवलं. तेव्हाचे कुलगुरू होते तादेउश लेर-स्पवाविन्स्की. ते स्लाव्ह भाषांचे अभ्यासक होते. एखाद्या समाजाला गुलाम करायचं तर आधी त्याच्या भाषेचं आणि इतिहासाचं शिक्षण बंद पाडायचं, एवढं त्या राज्यकर्त्यांना पक्कं कळत होतं.

आता जायचं कसं. आपल्याकडे पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मुंबईत कलिना इथे रशियन शिकता येते, आणि रशियनच्या पायावर पुढे पोलिश किंवा चेक उभी करणं सोपं जातं. मी दिल्ली विद्यापीठाच्या स्लाव्होनिक आणि फिनो-उग्रियन विभागातून पोलिश सुरू केली. मग वूचला (नकाशात लॉड्झ) परदेशी विद्यार्थ्यांना पोलिश शिकवणारं जे जुनं केंद्र आहे, १९५२पासूनचं, तिथे तयारीचं वर्ष केलं. ते वर्ष टाळता येत नाही. इंग्रजी माध्यमात ‘युरोपियन स्टडीज’ छापाचे अभ्यासक्रम असतात, एजंट तेच पुढे करतात, आणि ते करून आलेल्या मुलाला पत्राचा एक परिच्छेद लागत नाही. भाषा ज्याला नको त्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खर्चाबद्दल एक गोष्ट आपल्या लेखात यायला हवी होती. चेक प्रजासत्ताकात सरकारी विद्यापीठात चेक माध्यमातून शिकलं तर कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला शिकवणी शुल्क नाही. पोलंडमध्ये २०१८च्या कायद्याने सी-१ म्हणजे प्रगत पातळीचं पोलिश प्रमाणपत्र असलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नियमित अभ्यासक्रमाची फी माफ केली. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी विद्यापीठाला विचारावं. पण मुद्दा कळावा: भाषा आली की पैसे वाचतात. राहण्याजेवणाचा खर्च उरतो, तो काही थोडा नाही.

आणि इथेच आपल्या सरकारी शिष्यवृत्त्या आडव्या येतात. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिष्यवृत्ती आहे, चांगली आहे. तिने अनेक मुलं बाहेर पाठवली. पण विद्यापीठ जागतिक क्रमवारीत अमुक क्रमांकाच्या वर असलं पाहिजे अशी तिची अट असते. अभियांत्रिकीसाठी ही अट समजू शकते. पण १३६४मध्ये स्थापन झालेलं, पोलिश अभ्यासाचं माहेरघर असलेलं विद्यापीठ त्या चाळणीत गळणार असेल, तर वळिवड्याच्या शेजारच्या गावातली हुशार मुलगी पोलिश शिकायला जाणार कुठे? लंडनला? भाषाविषयांसाठी विद्यापीठाच्या क्रमवारीऐवजी विभागाचं काम पाहावं आणि तयारीचं भाषावर्ष शिष्यवृत्तीत धरावं. शाहू महाराजांच्या गावातून ही मागणी गेली तर शोभेल.

परत आल्यावर काय होतं तेही सांगून टाकते. एका महाविद्यालयात अर्ज भरताना विषयांच्या यादीत माझा विषय नव्हता, ‘इतर’ निवडावं लागलं. मग पदवीच्या समकक्षतेचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी एका साहेबांनी आपुलकीने विचारलं, “मॅडम, तुम्ही इंग्लिशमध्येच का नाही केलंत?” मी तो नाद सोडला. अनुवादाचं काम मिळतं. पोलिश यंत्रं घेणारे कारखानदार आहेत, चाकणकडे चेक भाषेतली कागदपत्रं येतात, अधूनमधून कोर्टाचं एखादं प्रकरण. पोट भरतं. पण जे काम मी शिकले ते सुट्टीच्या दिवशी, फुकट करते.

काम किती आहे याची कल्पना यावी म्हणून आणखी एकच नाव. मॉरिस फ्रिडमन. वॉर्साचा इंजिनिअर, १९३०च्या दशकात भारतात आला, गांधीजींकडे गेला, औंध संस्थानात १९३८-३९मध्ये पंतप्रतिनिधींनी रयतेच्या हाती राज्य दिलं त्या प्रयोगात त्याचा वाटा होता. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत आणली ती त्यानेच. त्याने वांदा दिनोव्स्का या पोलिश बाईंबरोबर १९४४मध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. पुस्तकं मद्रासहून निघायची. मुंबईत त्या काळात ‘पोलाक व्ह इंडियाख’ नावाचं पोलिश नियतकालिकही निघत होतं. महाराष्ट्राच्या इतिहासाचा हा भाग पोलिशमध्ये पडून आहे. औंधवर मराठीत लिहिलेलं पुष्कळ वाचलं, पोलिश बाजू पाहिलेला लेख माझ्या वाचनात नाही.

म्हणून दोन मागण्या. एक, कोल्हापुरात पोलिशचा पदविका अभ्यासक्रम सुरू व्हावा आणि तो इतिहास विभागाला जोडलेला असावा, म्हणजे मुलं दुसऱ्या वर्षीच खऱ्या कागदांवर बसतील. दोन, २०२२मध्ये युक्रेनमधल्या युद्धातून ‘ऑपरेशन गंगा’ने परत आलेली आपली वैद्यकीय शाखेची मुलं-मुली आठवा. त्यांतली बरीच तेर्नोपिल (तेच जुनं तार्नोपोल), ल्विव अशा शहरांत शिकत होती. रुग्णांशी बोलता यावं म्हणून ती युक्रेनियन किंवा रशियन शिकली होती. वळिवड्याला आलेल्या कितीतरी कुटुंबांची गावं नेमकी त्याच भागातली. त्या मुलांना डॉक्टरकीचं पुढे काय, हे सगळ्यांनी विचारलं. तुम्हाला आलेल्या भाषेचं काय, हे कुणीच विचारलं नाही. त्यांतल्या दोघा-तिघांना जरी हे काम आवडलं, तरी आपल्याला आयती सुरुवात मिळेल.

आणि वाचकांना एक विनंती. करवीर, हातकणंगले भागात कुणाच्या घरी छावणीतल्या माणसांनी दिलेले फोटो, पत्रं, प्रार्थनापुस्तकं, भांड्यांवर कोरलेली नावं असतील, तर फोटोच्या फक्त पुढच्या बाजूचं नव्हे, मागच्या बाजूचंही छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवा. पेन्सिलीचा मजकूर तिरप्या उजेडात चांगला येतो. फोटो पुसू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. ज्यांना वाचून हवं असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवावं. संपादकांची हरकत नसेल तर मी ते वाचून देईन, पैसे घेणार नाही.

कळावे,
आपली,
एक पोलिश अनुवादक, कोल्हापूर